कीड-रोग निदानाची संदर्भ प्रयोगशाळा उभारताना: जागेच्या आराखड्यापासून पहिल्या अहवालापर्यंत

एका मातृवृक्षावरून काढलेल्या डोळ्यांपासून हजारो कलमं बांधली जातात. त्या एका झाडात संत्रावर्गीय पिकांना होणाऱ्या ग्रीनिंग रोगाचा जिवाणू किंवा ट्रिस्टेझा रोगाचा विषाणू असेल आणि तपासणीत तो निसटला, तर चूक शेतकऱ्याच्या बागेत चार-पाच वर्षांनी दिसते. तोवर पैसा, पाणी आणि उमेदीची वर्षं गेलेली असतात. म्हणून रोपं तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं मोठं काम ‘तपासलं, आढळला नाही’ हे छातीठोकपणे सांगण्याचं आहे. रोग सापडला तर पुरावा समोर असतो. सापडला नाही, तर तो नव्हताच की आपल्याला दिसला नाही, याचं उत्तर तुमच्या खोल्या, यंत्रं, माणसं आणि नोंदवह्या यांनी द्यायचं असतं. प्रयोगशाळेचा प्रत्येक निर्णय घेताना हे एक वाक्य समोर ठेवा.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५.६७ कोटी रुपयांच्या स्वच्छ रोप कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यात देशभरात ९ केंद्रं आहेत आणि महाराष्ट्राच्या वाट्याला पुणे (द्राक्ष), नागपूर (संत्रा) आणि सोलापूर (डाळिंब) ही तीन आली आहेत. त्यामुळे कृषी महाविद्यालयं, रोपवाटिकाधारकांचे संघ आणि उतिसंवर्धन (टिश्यू कल्चर) कंपन्या यांच्याकडून ‘आम्हालाही प्रयोगशाळा काढायची आहे, सुरुवात कुठून करू?’ अशी विचारणा वाढली आहे. अशा उभारणीत पहिल्या आराखड्यापासून मानांकनापर्यंत (प्रयोगशाळेच्या अधिकृत मान्यतेपर्यंत) काम केलं आहे, त्या अनुभवावर हे लिहीत आहे.

नेहमीची निदान प्रयोगशाळा शेतकऱ्याला उत्तर देते. संदर्भ प्रयोगशाळेकडे इतर प्रयोगशाळा शंका घेऊन येतात. तिला संशयास्पद निकालांची खातरजमा करावी लागते, चाचणीच्या पद्धती पडताळून द्याव्या लागतात, खात्रीचे नमुने सांभाळावे लागतात आणि इतरांची परीक्षाही घ्यावी लागते. सुरुवात साध्या प्रयोगशाळेने करणार असाल तरी पाया या कामांचा विचार करून घाला.

१. आधी व्याप्ती ठरवा

‘सर्व पिकांवरील सर्व रोग-किडींचं निदान’ असं प्रस्तावात लिहायचा मोह होतो. लिहू नका. व्याप्तीची एक ओळ तीन गोष्टींनी बनते: कोणती कीड किंवा रोगकारक, कोणत्या नमुन्यात, कोणत्या पद्धतीने. उदाहरणार्थ, ‘संत्रा-मोसंबीच्या पानांच्या मुख्य शिरेतील ग्रीनिंगचा जिवाणू, रिअल-टाइम पीसीआरने’. (पीसीआर म्हणजे रोगकारकाच्या डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवून त्याला ओळखणारी चाचणी.) मानांकनही अशा एकेका ओळीलाच मिळतं. चार-पाच ओळींनी सुरुवात करा.

प्रत्येक ओळ वेगळा खर्च आणि वेगळं कौशल्य मागते. ग्रीनिंगचा जिवाणू नेहमीच्या माध्यमावर वाढत नाही, त्यामुळे तिथे रेण्वीय (डीएनए-आरएनएवर आधारित) चाचणीशिवाय गत्यंतर नाही. डाळिंबावरच्या तेल्याचा जिवाणू माध्यमावर वाढतो, तो वाढवून, ओळखून, पुन्हा रोपावर टोचून खात्री करता येते. ट्रिस्टेझा आरएनए विषाणू आहे, म्हणजे पीसीआरच्या आधी आरएनएवरून डीएनए करून घेण्याची पायरी आली आणि नमुना जास्त जपणं आलं. संत्र्याच्या डिंक्या रोगाला कारण ठरणारी बुरशीसारखी फायटोफ्थोरा मातीतून आमिष लावून पकडावी लागते. केळीत बंची टॉप आणि स्ट्रीक हे डीएनए विषाणू, तर खानदेशात हरण्या म्हणतात तो सीएमव्ही (काकडी मोझॅक विषाणू) आणि ब्रॅक्ट मोझॅक हे आरएनए विषाणू. ओळी कागदावर आल्या की खोल्या, यंत्रं आणि माणसं यांची यादी आपोआप तयार होते. उलट्या क्रमाने गेलात, म्हणजे आधी यंत्र घेतलं आणि मग काम शोधलं, तर यंत्र झाकून ठेवण्याची पाळी येते.

याच टप्प्यावर तुमच्या वरचा दुवाही ठरवा. तुम्हाला शंका आली तर विचारणार कोणाला? कीटकांसाठी बंगळूरची राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन संस्था आणि दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला राष्ट्रीय पुसा संग्रह, बुरशींसाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था, संत्र्यासाठी नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था, आणि द्राक्षासाठी पुण्याजवळच्या मांजरीचं, डाळिंबासाठी सोलापूरचं, केळीसाठी तिरुचिरापल्लीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र. तोंडओळखीवर विसंबू नका, लेखी करार करा. नमुना किती दिवसांत तपासला जाईल आणि खर्च कोणाचा, हे त्यात हवं.

२. कायदे आणि परवानग्या

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण इथे राहिलेली त्रुटी पुढे सगळं काम अडवते.

परदेशातून काहीही मागवण्यापूर्वी क्वारंटाइनचा, म्हणजे वनस्पती संगरोध (भारतातील आयातीचे नियमन) आदेश, २००३ वाचा. हा आदेश १९१४ च्या विनाशकारी कीटक व उपद्रव कायद्याखाली निघालेला आहे. जिवंत रोगकारक किंवा बाधित पान ‘फक्त संदर्भासाठी’ म्हणून कुरिअरने मागवता येत नाही, त्याला परवाना लागतो. बहुतेक कामांना जिवंत नमुन्याची गरजही नसते, प्रयोगशाळेत जुळवलेला कृत्रिम डीएनए तुकडा पुरतो. देशातल्या देशातही हे पथ्य पाळा: जी कीड तुमच्या भागात नाही ती जिवंत अवस्थेत तिथे आणू नका.

नमुने किंवा जिवाणू-बुरशीचे शुद्ध संवर्ध (प्रयोगशाळेत वाढवलेले कल्चर) परदेशी संस्थेला पाठवायचे असतील तर जैविक विविधता कायदा, २००२ लागू होतो. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहा. नवीन प्रजाती सापडली तर तिचा नमुना अधिकृत संग्रहालयात जमा करावा लागतो.

उतिसंवर्धित रोपं तपासायची असतील तर जैवतंत्रज्ञान विभागाची २००६ पासूनची प्रमाणन व्यवस्था समजून घ्या. त्यात मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळा आणि त्यांच्या वर संदर्भ केंद्रं अशी रचना आहे. तिचे निकष वाचले तरी तुमच्या आराखड्यातल्या निम्म्या उणिवा दिसतील.

३. जागा: एकाच दिशेने चाला

इथे घाई करू नका. यंत्र बदलता येतं, भिंत बदलणं महाग पडतं.

पीसीआरमध्ये रोगकारकाच्या डीएनएच्या एका तुकड्याच्या कोट्यवधी प्रती तयार होतात. नळी उघडली की त्यातल्या काही हवेत, हातमोज्यांवर, दाराच्या मुठीवर जातात. पिठाच्या गिरणीत पीठ जसं प्रत्येक वस्तूवर बसतं, तशा या प्रती बसतात आणि पुढच्या आठवड्यात निरोगी झाडाचा नमुनाही ‘बाधित’ दाखवू लागतात. म्हणून खोल्यांचा क्रम असा ठेवा:

- नमुना स्वीकारण्याची जागा, बाहेरच्या दाराजवळ. शेतातली माती आणि कीटक याच्या आत येता कामा नयेत.
- नमुना कापणं, वाटणं आणि डीएनए-आरएनए काढण्याची खोली.
- पीसीआरचं मिश्रण तयार करण्याची स्वच्छ खोली. इथे कोणताही नमुना, कोणताही डीएनए कधीच येत नाही.
- मिश्रणात नमुन्याचा डीएनए घालण्याची जागा.
- पीसीआर यंत्र आणि जेलची (तयार झालेला डीएनए वेगळा करून पाहण्याची) खोली. ही शेवटची.

काम या क्रमानेच पुढे जातं, फक्त नमुन्याचा डीएनए मिश्रणाची खोली टाळून थेट चौथ्या जागी जातो. शेवटच्या खोलीतून माणूस, वही, पेन, पिपेट, काहीही त्याच दिवशी मिश्रणाच्या खोलीत परत जात नाही. प्रत्येक खोलीचे ॲप्रन वेगळ्या रंगाचे ठेवा, म्हणजे चुकीच्या जागी आलेला माणूस लगेच दिसतो. शक्य असेल तर मिश्रणाच्या खोलीत हवेचा दाब थोडा जास्त आणि जेलच्या खोलीत थोडा कमी ठेवा. एवढ्या खोल्या मिळतच नसतील, तर पहिल्यापासून रिअल-टाइम पीसीआर घ्या. त्यात नळी बंद ठेवूनच निकाल वाचता येतो, त्यामुळे प्रती बाहेर पडण्याचा धोका खूप कमी होतो.

एक सापळा इथेच सांगतो. टेबल स्पिरिटने पुसलं की सगळं स्वच्छ झालं असा समज आहे. स्पिरिटने जंतू मरतात, डीएनए तिथेच राहतो. डीएनए नष्ट करायला ताजं पातळ केलेलं ब्लीच लागतं. ते रोज नव्याने बनवा, कारण शिळं झाल्यावर त्याचा जोर जातो. धातूवर ब्लीच वापरल्यावर पाण्याने पुसून घ्या.

वीज आणि उष्णता यांचा हिशेब आपल्याकडे वेगळा करावा लागतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उणे ८० अंशांचा फ्रीझर स्वतःची उष्णता खोलीत सोडतो, त्यामुळे जनरेटरवर फक्त फ्रीझर जोडून भागत नाही, त्या खोलीचा एसीही त्याच लाइनवर हवा. एका ओळखीच्या प्रयोगशाळेत वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला, फ्रीझर चालू राहिला, एसी मात्र बंदच होता, आणि तापलेल्या खोलीत कॉम्प्रेसर जळाला. संग्रहातला मोठा भाग गेला. तापमान ओलांडलं की मोबाइलवर संदेश पाठवणारा अलार्म बसवा आणि तो दोन माणसांच्या फोनवर जोडा.

निर्देशक झाडांवर, म्हणजे रोगाची लक्षणं ठळक दाखवणाऱ्या झाडांवर, परीक्षा करायची असेल तर दुहेरी दाराचं कीटकरोधक जाळीगृह लागतं. ट्रिस्टेझासाठी कागदी लिंबाचं रोप हे जुनं आणि आजही उपयोगी साधन आहे. संशयित झाडाचा डोळा त्यावर बांधला की नव्या पालवीच्या शिरांमध्ये पारदर्शक ठिपके-रेषा उजेडासमोर धरल्यावर दिसतात. पण कडक उष्म्यात ही लक्षणं दबतात, त्यामुळे जाळीगृहात थंडाव्याची सोय नसेल तर ही चाचणी हिवाळ्यातच घ्या.

४. यंत्रं आणि साहित्य

सुरुवातीला लागणारी सामग्री अशी:

- स्टिरिओ आणि कंपाउंड मायक्रोस्कोप, दोन्ही कॅमेऱ्यासह
- रिअल-टाइम पीसीआर यंत्र, साधं पीसीआर यंत्र, जेलचं साहित्य
- एलायझा (प्रतिपिंडांनी रोगकारक ओळखणारी चाचणी) रीडर आणि वॉशर
- थंड सेंट्रीफ्यूज, नमुना कुटण्याचं यंत्र
- बायोसेफ्टी कॅबिनेट, बीओडी (ठरावीक तापमान राखणारा) इन्क्युबेटर
- दोन ऑटोक्लेव्ह: एक माध्यमांसाठी, एक कचऱ्यासाठी
- उणे २० आणि उणे ८० अंशांचे फ्रीझर
- प्रत्येक खोलीसाठी पिपेटचे वेगळे संच, फिल्टर असलेल्या टिपा
- विषारी वाफांसाठी फ्यूम हूड, यूपीएस, जनरेटर

यादीतल्या काही गोष्टींवर थांबून बोलायला हवं. लॅमिनार फ्लो आणि बायोसेफ्टी कॅबिनेट दिसायला सारखे असतात, पण काम उलटं असतं. नेहमीचा लॅमिनार हवा तुमच्या अंगावर फेकतो. तो माध्यम वाचवतो, तुम्हाला आणि खोलीला वाचवत नाही. रोगकारकाचे बीजाणू हाताळायचे असतील तर कॅबिनेटच हवं. उणे २० चा फ्रीझर घेताना ‘आपोआप बर्फ वितळवणारा’ घेऊ नका. तो ठरावीक वेळाने आतून गरम होतो आणि महागडी एन्झाइम्स हळूहळू निकामी होतात.

निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून घाईने काढलेली निविदा हा सर्वांत महागडा सापळा आहे. निविदेत यंत्रासोबत बसवणी, पडताळणी, प्रशिक्षण, किमान काही वर्षांचा देखभाल करार आणि सुटे भाग मिळण्याची हमी लिहा. ते यंत्र फक्त त्याच कंपनीच्या महाग रसायनांवर चालतं का, हे आधी विचारा. आणि आवर्ती खर्चाची तरतूद पहिल्याच प्रस्तावात करा. रसायनं, टिपा, कॅलिब्रेशन (यंत्राचे आकडे अचूक आहेत का याची तपासणी) आणि वीज यांना दरवर्षी पैसा लागतो. तो नसेल तर यंत्र असूनही अहवाल निघत नाही.

कचऱ्याच्या ऑटोक्लेव्हला १२१ अंश तापमान आणि १५ पौंड दाब लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण मातीने भरलेल्या गच्च पिशवीच्या मध्यापर्यंत ती उष्णता पोचायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. रंग बदलणारी पट्टी पिशवीच्या बाहेरच्या बाजूचंच सांगते. ठरावीक काळाने उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असलेली चाचणी-कुपी पिशवीच्या मध्यभागी ठेवून खात्री करा.

५. माणसं

एक वनस्पती रोगतज्ज्ञ, एक कीटकांचं वर्गीकरण जाणणारा, एक रेण्वीय चाचण्या करणारा, एक गुणवत्ता व्यवस्थापक आणि बागेत जाऊन नमुना घेणारी प्रशिक्षित माणसं. प्रत्येक कामाला दुसरा माणूस तयार हवा, नाहीतर एक जण रजेवर गेला की काम थांबतं. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेत प्रशिक्षणं होतात, तिथे माणसं पाठवा. कीटक ओळखणारी नजर यंत्राने मिळत नाही आणि अशी माणसं कमी होत चालली आहेत. निवृत्त प्राध्यापकांना सल्लागार म्हणून सन्मानाने बोलवा आणि त्यांच्या शेजारी तरुण माणूस बसवा.

६. नमुना: खोटा नकार बागेतच जन्मतो

प्रयोगशाळेतली चूक पकडायला यंत्रणा असते. चुकीचा नमुना घेतला तर मात्र सगळ्या चाचण्या बिनचूक होऊनही उत्तर चुकतं. या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन.

संत्र्याचं ग्रीनिंग घ्या. जिवाणू झाडभर सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत भरपूर, शेजारच्या फांदीत नावालाही नाही, असं असतं. म्हणून चारही बाजूंच्या फांद्यांवरून पक्व पानं घ्या आणि डीएनए काढायला पानाचा देठ आणि मुख्य शीर वापरा, कारण तो अन्नवाहिन्यांमध्ये राहतो. कोणतं पान घ्यायचं हे शिकवायची सोपी रीत आहे. पान मुख्य शिरेवर दुमडा आणि दोन्ही अर्ध्या भागांवरचे पिवळे चट्टे एकमेकांवर जुळतात का पाहा. जस्ताच्या कमतरतेत पिवळेपणा शिरांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना जवळपास सारखा येतो. ग्रीनिंगमध्ये चट्टे ओबडधोबड असतात, शिरा ओलांडून जातात आणि दुमडल्यावर जुळत नाहीत. पण एकाच झाडावर दोन्ही असू शकतात, त्यामुळे जस्ताचं पान दिसलं म्हणून झाड सोडून देऊ नका. मातृवृक्ष असेल तर प्रत्येक झाड स्वतंत्र तपासा आणि वेगवेगळ्या हंगामांत पुन्हा तपासा.

खेप तपासताना किती रोपं घ्यायची? मोठ्या खेपेत ५ टक्के रोपं बाधित असतील आणि त्यातलं निदान एक तरी नमुन्यात येण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर कुठलीही निवड न करता ५९ रोपं घ्यावी लागतात. १ टक्का बाधा पकडायची असेल तर २९९. ‘दहा रोपं आणली आहेत, खेपेचा दाखला द्या’ म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवा. पाच-दहा रोपांची पानं एकत्र करून खर्च वाचवता येतो, पण एक बाधित पान नऊ निरोगी पानांत मिसळल्यावरही तुमची चाचणी त्याला पकडते का, हे आधी करून पाहा.

नमुना आणण्याचे काही नियम भिंतीवर लावून ठेवण्यासारखे आहेत:

- पानं पाण्यात भिजवून प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, सडतात. कोरड्या कागदी रुमालात गुंडाळून झिप पिशवीत घाला आणि थंड पेटीत आणा. बर्फाला थेट टेकवू नका.
- डाळिंबाच्या बागेत नुकतीच ताम्रयुक्त किंवा प्रतिजैविकाची फवारणी झाली असेल तर तेल्याचा जिवाणू माध्यमावर वाढेलच असं नाही. फवारणीची तारीख अर्जात लिहून घ्या.
- अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली तर काळी पडते. आधी गरम पाण्यात मारा, मग अल्कोहोलमध्ये ठेवा. डीएनए काढायचा असेल तर अल्कोहोल ९५ टक्क्यांच्या वर हवं.
- फोटो, ठिकाणाचे जीपीएस आकडे, वाण, खुंट, वय, लक्षणं आणि नमुना घेणाऱ्याची सही असल्याशिवाय नमुना स्वीकारू नका.

नमुना आला की त्याला क्रमांक द्या आणि मालकाचं नाव त्या क्षणी झाका. चाचणी करणाऱ्याला नमुना कोणाच्या रोपवाटिकेतला आहे हे कळता कामा नये.

७. चाचणीची पद्धत निवडा आणि आपल्याकडे पडताळा

पद्धत शून्यातून शोधू नका. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराच्या २७ व्या मानकाला जोडलेल्या निदान-पद्धती आहेत, युरोप-भूमध्य वनस्पती संरक्षण संघटनेच्याही आहेत. त्यातली निवडा. पण छापलेली पद्धत तुमच्या पाण्यावर, तुमच्या यंत्रावर, तुमच्या वाणावर तशीच चालेल हे गृहीत धरू नका.

पडताळणीत चार प्रश्नांची उत्तरं आकड्यांत मिळवा. किती कमी रोगकारक असला तरी चाचणी पकडते? बाधित नमुना दहा-दहा पटींनी पातळ करत जा आणि कुठपर्यंत प्रत्येक वेळी सापडतो ते लिहा. जवळच्या नात्यातल्या पण वेगळ्या जीवाला चुकून ‘हो’ म्हणते का? तोच माणूस तोच नमुना पुन्हा तपासतो तेव्हा तेच उत्तर येतं का? आणि दुसरा माणूस, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या यंत्रावर?

डाळिंबासारख्या पिकाच्या पानांत टॅनिन आणि फिनॉल भरपूर. डीएनए काढताना ते सोबत आले तर पीसीआर अडते आणि निकाल ‘नाही’ असा येतो. हा सर्वांत फसवा ‘नाही’. तो ओळखण्यासाठी प्रत्येक नमुन्यात झाडाच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाचीही चाचणी लावा. झाडाचं जनुकही दिसलं नाही, तर तो निकाल ‘नाही’ नसून ‘चाचणी झालीच नाही’ असा आहे. अर्क दहापट पातळ करून पुन्हा लावा.

म्हणजे प्रत्येक वेळी सोबत चार राखणदार हवेत: खात्रीचा बाधित नमुना, खात्रीचा निरोगी नमुना, डीएनए काढताना सोबत चालवलेली रिकामी नळी आणि मिश्रणात फक्त पाणी घातलेली नळी. यातलं एक जरी बिघडलं तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द. बाधित नमुन्यासाठी कृत्रिम डीएनए वापरत असाल तर त्यात मुद्दाम थोडा वेगळा क्रम घालून घ्या. पुढे कधी शंका आली तर सापडलेला डीएनए बागेतला की तुमच्याच नळीतला, हे क्रम वाचून लगेच सांगता येतं.

एलायझात सीमारेषा किटच्या माहितीपत्रकातून डोळे झाकून उचलू नका. आपल्या भागातल्या त्याच वाणाची निरोगी पानं तपासा, त्यांच्या आकड्यांवरून, सरासरीच्या पुरेशी वर सीमा ठरवा.

केळीचा स्ट्रीक विषाणू ही एक वेगळीच गाठ आहे. ‘बी’ जनुकसमूह असलेल्या काही केळ्यांच्या स्वतःच्या डीएनएमध्येच या विषाणूचे तुकडे पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. साधी पीसीआर लावली तर विषाणू नसतानाही निकाल ‘बाधित’ येतो आणि चांगली खेप जाळावी लागते. जळगावात सर्वाधिक लागणाऱ्या ग्रँड नैनमध्ये ‘बी’ जनुकसमूह नाही, म्हणून तिथे हा प्रश्न कमी येतो. पण रस्थाळीसारख्या वाणांची रोपं आली तर आधी प्रतिपिंडाने विषाणूचे कण पकडून मग पीसीआर करणारी पद्धत वापरा.

कीटकांसाठी डीएनए बारकोड (डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून प्रजाती ओळखणं) उपयोगी आहे, पण सार्वजनिक संगणकीय साठ्यात चुकीच्या नावाने टाकलेले क्रमही आहेत. पहिलं आलेलं नाव उचलू नका. नमुना मायक्रोस्कोपखाली पाहणारा माणूस आणि बारकोड, दोघांचं एकमत झालं तरच नाव लिहा.

८. संदर्भ संग्रह

संदर्भ प्रयोगशाळेची खरी मालमत्ता ही. शुद्ध जिवाणू-बुरशी, गोठवलेला डीएनए-आरएनए, वाळवलेली बाधित आणि निरोगी पानं, पिनेवर लावलेले कीटक, काचपट्ट्या. निरोगी नमुन्यांकडे दुर्लक्ष होतं, पण सीमारेषा ठरवायला तेच लागतात. प्रत्येक नमुन्यामागे ठिकाण, तारीख, ओळख कोणी पटवली आणि कशाने, ही नोंद नसेल तर त्या नमुन्याचा संदर्भ म्हणून उपयोग नाही.

महत्त्वाच्या नमुन्यांची दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत किंवा वेगळ्या संस्थेत ठेवा. पुण्यात आघारकर संस्थेचा राष्ट्रीय बुरशी संवर्ध संग्रह आणि सूक्ष्मजीवांसाठी राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, त्यांच्याकडे जमा करता येतं.

९. गुणवत्ता व्यवस्था आणि मानांकन

मानक आहे आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ आणि आपल्याकडे त्याचं मानांकन एनएबीएल ही राष्ट्रीय मानांकन संस्था देते. अर्ज करण्याआधी काही महिने तरी व्यवस्था प्रत्यक्ष चालवा, कारण निरीक्षक कागदांसोबत जुन्या नोंदीही मागतात. हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- संस्थेच्या कायदेशीर नोंदणीचा पुरावा आणि निःपक्षपातीपणाचं धोरण
- प्रत्येक चाचणीची लेखी कार्यपद्धती आणि पडताळणीचा अहवाल
- यंत्रांची यादी, कॅलिब्रेशनचे दाखले, देखभालीच्या नोंदी
- कर्मचाऱ्यांची पात्रता, प्रशिक्षण आणि क्षमता-तपासणी
- नमुना नोंदवही, मूळ निरीक्षणं, फ्रीझरच्या तापमानाच्या नोंदी
- अंतर्गत लेखापरीक्षण आणि व्यवस्थापन आढाव्याचे वृत्तांत
- प्रवीणता चाचणीतल्या सहभागाचे निकाल
- तक्रारी आणि चुकलेल्या कामावर केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी

प्रवीणता चाचणीत बाहेरून आंधळे नमुने येतात आणि तुम्ही काय ओळखता ते जुळवून पाहिलं जातं. तुमच्या विषयात तशी योजना मिळत नसेल तर दोन-तीन संस्थांशी बोलून आपापसांत नमुन्यांची अदलाबदल करा. पुढे तुम्हीच अशा चाचण्या भरवू लागलात की आयएसओ/आयईसी १७०४३ हे मानक पाहा. कार्यपद्धती मराठीत लिहा. नमुने घेणारा आणि काचसामान धुणारा माणूस ती वाचणार आहे.

१०. अहवाल आणि पहिल्यांदाच सापडलेली कीड

अहवालात ‘रोप रोगमुक्त आहे’ असं कधीही लिहू नका. ‘मिळालेल्या नमुन्यात, अमुक पद्धतीने, अमुक रोगकारक आढळला नाही’ असं लिहा आणि चाचणीची पकडण्याची मर्यादा सोबत द्या. रोपवाटिकाधारकाला हे वाक्य तोकडं वाटतं, तो आग्रह धरतो. त्याला समजावून सांगा, पण वाक्य बदलू नका. अहवालावर चाचणी करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची अशा दोन वेगळ्या सह्या हव्यात.

आपल्या राज्यात किंवा देशात आधी न नोंदलेली कीड सापडल्यासारखी वाटली तर काय करायचं, हे आधीच लिहून ठेवा. अशी वेळ येते. टोमॅटोवरची टुटा ही नागअळी देशात २०१४ मध्ये पहिल्यांदा सापडली तेव्हा पुणे परिसर त्यात होता. अमेरिकन लष्करी अळी मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यावर नोंदली गेली आणि वर्षभरात बहुतेक मका उत्पादक राज्यांत पोचली. त्या अळीच्या डोक्यावर उलटा ‘वाय’ आणि शेपटीकडच्या एका खंडावर चौकोनात चार ठिपके असतात. पण अगदी लहान अळीत ही खूण स्पष्ट नसते, म्हणून अशा वेळी अळ्या वाढवून पतंग मिळवा आणि बारकोडही करा.

क्रम असा ठेवा. नमुना दोन भागांत वाटून एक भाग सीलबंद करा. दोन वेगळ्या तत्त्वांच्या चाचण्या लावा. त्याच ठिकाणाहून नवा नमुना मागवा. पहिल्या पायरीत करार केलेल्या राष्ट्रीय संस्थेकडून खातरजमा करून घ्या. राज्याच्या कृषी विभागाला आणि फरिदाबादच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवणूक संचालनालयाला लेखी कळवा. भारताच्या वतीने आंतरराष्ट्रीय पातळीवर कळवण्याची जबाबदारी त्या संचालनालयाची आहे. तोवर फोटो व्हॉट्सॲप गटांवर, बातमी वर्तमानपत्रात किंवा शोधनिबंध घाईने कुठेही पाठवू नका. एका चुकीच्या बातमीने त्या भागातला माल अडकतो आणि शेतकऱ्याला भाव मिळत नाही.

पण खातरजमा झाल्यावर एक दिवसही थांबू नका. महाराष्ट्रात २००९-१० पासून क्रॉपसॅप हे पिकांवरील कीड-रोगांचं सरकारी सर्वेक्षण चालतं, त्याचे कीड सर्वेक्षक गावोगावी आहेत. त्यांना त्या किडीची ओळख पटवणारे फोटो, नमुना घेण्याची रीत आणि तुमच्या नमुना-कक्षाचा पत्ता लगेच द्या, आणि त्या आठवड्यात येणारे नमुने बाकीच्या कामाच्या आधी तपासायला घ्या.